रेझोने पाठवलंय असं सांगा

रेझोचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मग एका उन्हाळ्यात पाचशे माणसांनी ऐकलं, आणि तेही शब्दन् शब्द.

निगोझेती या त्याच्या गावात त्याला प्रवासातला जाणकार म्हणत. ही पदवी त्याने स्वतःच घेतली होती आणि दुसरं कुणी मागत नव्हतं म्हणून गावाने ती त्याच्याकडे राहू दिली होती. कुताइसीच्या कॉलेजात त्याने पर्यटनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला होता. त्यातल्या प्रात्यक्षिकात तो नापास झाला, कारण सहलीच्या दिवशी त्याची बस चुकली. राजधानी तिबिलिसी दोनदा पाहिली होती. बातुमीला एकदा गेला तेव्हा दिवसभर दाट धुकं होतं, समुद्र दिसलाच नाही. पण त्या अनुभवावर त्याने ‘समुद्राकाठची सात विसरता न येणारी ठिकाणं’ हा लेख लिहिला. इंटरनेटवर त्याचं एक पान होतं, ‘रेझो सांगतो’. पानाला एकोणीस वाचक होते. त्यातले तीन तो स्वतःच होता.

त्याची आई लामारा सत्तावीस वर्षं गावातलं म्युझियम सांभाळत होती. सांभाळत होती म्हणजे झाडत होती, कुलूप लावत होती, माहिती सांगत होती आणि दिवे लावत होती. पाहुणा एका खोलीत शिरला की ती पुढे होऊन तिथला दिवा लावी आणि तो पुढच्या खोलीत गेला की मागचा मालवी. त्यामुळे कुणाला मागे वळून काही परत पाहावंसं वाटलंच तर अंधार दिसे.

म्युझियम कवी ओनिसिमेचं होतं. कवी ओनिसिमे इथे जन्मला नव्हता, वारला नव्हता, आणि इथे असताना त्याने एक ओळही लिहिली नव्हती. १९०८ च्या शरदात कुताइसीला जाताना त्याची दाढ दुखायला लागली म्हणून तो निगोझेतीत उतरला आणि नऊ दिवस राहिला, एवढंच. पण गावाच्या इतिहासात याहून मोठं काही घडलेलं नव्हतं. पहिल्या खोलीत कवीचा पलंग होता. उशीवर डोक्याचा खळगा होता, तो लामारा दर सोमवारी मुठीने दाबून ताजा करी. दुसऱ्या खोलीत कवीने बहिणीला लिहिलेलं पत्र होतं, त्यात लवंगा पाठव म्हणून विनवणी होती. आणि तिसऱ्या खोलीत, काचेच्या पेटीत, मखमलीवर, कवीची उपटलेली दाढ होती.

दाढा दोन होत्या. गावातल्या दोन घराण्यांनी खरी दाढ आपल्याकडे असल्याचा दावा केला होता आणि दोघांनाही नाही म्हणण्याइतकं धाडस लामाराच्या आधीच्या बाईंकडे नव्हतं. कुणी विचारलंच तर लामारा म्हणे, “मोठ्या माणसाला एक दाढ पुरते होय?”

मार्चमध्ये जिल्ह्याच्या सांस्कृतिक कार्यालयातून बातोनो ओतार, म्हणजे ओतारसाहेब, आले. हे गृहस्थ वाईट बातमी सांगताना सारखा चष्मा पुसत. गेल्या वर्षी एक्केचाळीस जणांनी म्युझियम पाहिलं होतं. त्यातले एकोणचाळीस शाळेची मुलं होती आणि उरलेले दोघे बाहेर पाऊस आला म्हणून आत आले होते. वरून असं ठरलं होतं, की एकतीस ऑक्टोबरपर्यंत तीनशे तिकिटं फाटली तर म्युझियम राहील, नाहीतर दाराला कुलूप आणि सामान कुताइसीच्या गोदामात.

“मी एकतीसला संध्याकाळी सहाला स्वतः येईन,” ओतार चष्मा पुसत म्हणाले.

लामाराने त्यांना चीज, अक्रोड घातलेली वांगी आणि दोन बाटल्या घरची वाईन खाऊपिऊ घालून गाडीत बसवलं. माणूस फाशीचा हुकूम घेऊन आला तरी त्याला उपाशी कसं पाठवायचं?

रेझो त्या दिवशी जेवला नाही. म्युझियम बंद झालं तर आई घरी बसणार हे त्याला कळत होतं. तिचे दोन्ही हात त्या दिव्यांच्या बटणांवर म्हातारे झाले होते. रिकामे ठेवले तर ती महिन्याभरात खचेल हेही कळत होतं. आणि शिवाय घरात देखरेख ठेवण्यासारखी वस्तू एकच होती, ती म्हणजे रेझो. त्याच्यावर रोज कुणीतरी धूळ झटकणार, त्याची जागा बदलणार आणि आल्या-गेल्याला त्याची माहिती सांगणार, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

तेव्हा जाणकाराने लेखणी उचलली. इंग्रजीत, परदेशी प्रवाशांसाठी, त्याने लिहिलं, की मोठी शहरं सगळेच बघतात. खरा देश बघायचा तर निगोझेतीला या. इथे गर्दी नाही. इथे काहीच नाही, असं लिहून त्याने ते खोडलं आणि ‘इथे निवांतपणा आहे’ असं केलं. सकाळी जुंबेरच्या बेकरीत जा. जमिनीत पुरलेल्या भट्टीत कमरेपर्यंत वाकून तो होडीच्या आकाराचे पाव आतल्या भिंतीला चिकटवतो. ते गरम असतानाच, उभ्याउभ्या, नुसते खा. मग कवी ओनिसिमेचं म्युझियम पाहा. जगातलं हे एकमेव म्युझियम असेल जे एका दाढदुखीला अर्पण केलेलं आहे. फोटोही टाकला, दोन दाढा आणि शेजारी अंदाज यावा म्हणून एक पाव.

लेख थोडा छोटा वाटला, म्हणून शेवटी त्याने एक ओळ जोडली: ‘कुठेही गेलात तरी दारात एवढंच सांगा, रेझोने पाठवलंय.’

मोठमोठे प्रवासलेखक असं लिहितात हे त्याने वाचलं होतं. फक्त ते लेखक पॅरिस-लंडनचे होते, आणि तिथे कुणी अमक्याने पाठवलंय म्हटल्यावर दुकानदार ‘बरं’ म्हणतो आणि पैसे घेतो.

मे महिन्यात नॉर्वेच्या एका बाईने तो लेख वाचला. तिच्या मागे इंटरनेटवर दोन लाख माणसं होती. तिला दाढा आवडल्या. तिने दाढांचा फोटो पुढे पाठवला, आणि जूनमध्ये निगोझेतीच्या चौकात मिनीबशी थांबायला लागल्या.

रेझो चौकातल्या अक्रोडाखालच्या बाकावर बसून सगळं पाहत असे. हिशोब सरळ होता. माणसं बेकरीत शिरत, तासा-दीड तासाने दोन्ही हातांत पाव घेऊन, लाल चेहऱ्याने, कधी कधी गात बाहेर पडत. मग म्युझियममध्ये शिरत आणि तिथून आणखी तासाने खिसे फुगवून, डोळे पुसत निघत. दाढ बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी का यावं हे त्याला उमगेना; पण लेखणीची ताकद म्हणतात ती हीच असावी. त्याने स्वतःसाठी एक पनामा टोपी विकत घेतली.

ऑगस्टच्या मध्यावर, जेवताना, त्याने सहज विचारलं, “किती तिकिटं फाटली आई?”

“तेरा.”

“आज?”

“या वर्षी.”

रेझोच्या हातातला पाव ताटात पडला. “अगं पण रोज मिनीबशीतली माणसं आत जाताना मी बघतोय!”

“मग? ते तुझे पाहुणे. उंबऱ्यात पाय ठेवला की म्हणतात, रेझोने पाठवलंय. पोटच्या पोराच्या पाहुण्यांकडून तिकिटाचे पैसे घेऊ मी? उद्या घरी जेवायला आलेल्यांना ताटामागे पावती फाडायला सांगशील.”

“आई, ते पाहुणे नाहीत. गिऱ्हाइकं आहेत.”

“तूच बोलावलंस ना त्यांना?”

“हो, पण...”

“नाव तुझंच सांगतात ना?”

“अगं हो, पण...”

“मग झालं तर. मी त्यांना चहा देते, वर अक्रोड देते बांधून. परवा एक ऑस्ट्रेलियाची बाई रडली. म्हणाली, माझ्या सख्ख्या आईने कधी अशी विचारपूस केली नाही.”

“आणि ते तेरा कोण?”

“फ्रेंच होते,” लामारा हळहळून म्हणाली. “फोन बंद पडला होता त्यांचा, तुझं नाव आठवेना. घेतलं मग तिकीट. बिचारे.”

तेवढ्यात जुंबेर आत आला. रेझोच्या वडिलांचा हा लंगोटीयार. वडील गेल्यापासून या घराकडे त्याचं दुरून लक्ष असे. त्याचा चेहरा भट्टीतल्या विटेसारखा झाला होता आणि उभं राहण्यासाठी त्याने दाराच्या चौकटीची मदत घेतली होती.

“रेझो,” तो म्हणाला, “पाहुणे पाठवतोस ते चांगलं करतोस. पण स्वतः कधी फिरकत नाहीस. पाहुणे तुझे, म्हणजे तुझ्या नावाने प्याला उचलायला हवा. तू नाहीस, तर कोण उचलणार? मी! जूनपासून तुझ्या दीर्घायुष्यासाठी मी तीनशे प्याले प्यायलोय. एव्हाना तू अमर झाला असशील, पण मी मरतोय, बाळा.”

“काका, मला वाटलं...”

“परवा पाव भट्टीला चिकटवायच्या ऐवजी दुकानाच्या भिंतीला चिकटवले. गाव रांगेत उभं राहून बघत होतं. एकही बोलला नाही, एवढे भले लोक. मी रागावलो नाही. नुसता येऊन बसत जा माझ्याशेजारी, एवढंच सांगायला आलोय.”

इथे जाणकाराने आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. तो लाजला होता, घाबरला होता, आणि पर्यटनाच्या पुस्तकात असतं तसं काहीतरी बोलावं म्हणून बोलून गेला, “काका, त्या सगळ्या पावांचे पैसे मी देतो.”

लामाराने डोळे मिटून घेतले.

जुंबेर चौकट सोडून ताठ उभा राहिला. “काय देतोस?”

“म्हणजे, तसं नाही...”

“तुझ्या बापाबरोबर मी चाळीस वर्षं एका ताटात जेवलो,” जुंबेर म्हणाला. “नमस्कार, वहिनी.” आणि सरळ रेषेत चालत निघून गेला, जे त्याला जूनपासून जमलं नव्हतं. त्या दिवसापासून तो रेझोशी बोलेना.

रेझोने लेख सुधारायला घेतला. पहिली सुधारणा: ‘कृपया पैसे देण्याचा आग्रह धरा.’ प्रवाशांनी धरला. एका बेल्जियन जोडप्याने भट्टीच्या कडेला नोट ठेवून पळ काढला. जुंबेर अंगातला पिठाचा एप्रन न सोडता त्यांच्या गाडीमागे पुलापर्यंत धावला आणि खिडकीतून नोट आत फेकली, सोबत दोन पाव आणि एक अख्खं चीज. चीज चालकाला लागलं. म्युझियममध्ये एका डॅनिश आजोबांनी एवढा आग्रह केला, की लामारा अपमानाने दिवे मालवून अंधारात बसून राहिली.

दुसरी सुधारणा: ‘कृपया माझं नाव घेऊ नका.’ याचा परिणाम असा झाला, की लामाराने दारात विचारलं, “कुणी पाठवलं बाळांनो?” आणि प्रामाणिक प्रवासी म्हणाले, “सांगायचं नाही असं रेझोने सांगितलंय.”

“लाजतो,” लामारा कौतुकाने म्हणाली आणि त्यांना दुप्पट अक्रोड बांधून दिले.

सप्टेंबर उजाडला. फाटलेली तिकिटं एकोणीस. रेझो दोन दिवस पनामा टोपी तोंडावर ठेवून पडून राहिला, आणि तिसऱ्या दिवशी उठून त्याने तिसरी सुधारणा लिहिली: ‘दारातच सांगा, आम्ही रेझोला ओळखत नाही. फारच विचारलं तर सांगा, त्याच्याशी आमचं भांडण आहे.’

या वेळी मात्र तिकिटं फाटायला लागली. नुसती फाटत नव्हती, तर लामारा ती टराटरा फाडत होती. तिच्या पोराशी भांडलेल्या माणसाला ती चहा तर सोडाच, बसायला खुर्चीसुद्धा देईना. दिवे मात्र लावी. दिवे लावणं हे काम होतं. एका आठवड्यात ऐंशी तिकिटं गेली.

भट्टीवर उलटंच झालं. “रेझोशी तुमचं भांडण आहे?” जुंबेर विचारी. “खरं? या मग, बसा! माझंही आहे.” आणि रेझोचा शत्रू तो आपला मित्र या न्यायाने त्यांना पाव, चीज, वाईन सगळं पुन्हा फुकट. फक्त प्याला आता रेझोच्या दीर्घायुष्याऐवजी त्याला अक्कल यावी म्हणून उचलला जाई. एवढी अक्कल कुठल्याही एका माणसासाठी त्या देशात आजवर मागितली गेली नव्हती.

रेझोला यात एकच अडचण आली. प्रवासी मनापासून खोटं बोलत होते.

“आज एक जर्मन मास्तर म्हणाला, तू दिलेला शब्द पाळत नाहीस,” एकदा सूप वाढताना लामारा म्हणाली.

“आई, मीच लिहिलंय तसं बोला म्हणून.”

“ते आहेच. पण कोरियाची ती मुलगी? तिची छत्री तू परत केली नाहीस.”

“कुठली मुलगी? मी कुणाला भेटलोच नाही!”

“रंगसुद्धा सांगितला तिने. निळी. दांडा लाकडाचा.” लामाराने पळी खाली ठेवली. “दोनशे माणसं झाली आता. वेगवेगळ्या देशांतली. एकमेकांना ओळखतही नाहीत. एवढी सगळी माणसं उगाच बोलतील?”

“अगं, पण मी लिहिलं म्हणून...”

“तू लिहिलंस आणि त्यांना पटलं. तेच तर मी म्हणतेय.”

पुढचे दोन दिवस रेझो, स्वतःच्याही नकळत, घरात निळी छत्री शोधत होता.

एकतीस ऑक्टोबरला सकाळी दोनशे अठ्ठ्याण्णव तिकिटं फाटलेली होती, आणि घाटात दरड कोसळल्यामुळे त्या बाजूने मिनीबस येणार नव्हती. बातोनो ओतार मात्र दुसऱ्या बाजूने येणार होते. दुपारी दोनला लामारा म्युझियमच्या टेबलामागे हात मांडीवर ठेवून बसली होती आणि रेझो येरझाऱ्या घालत होता.

“दोनच तर आहेत. फाडून टाक ना आपली आपण.”

“म्युझियममध्ये खोटं चालत नाही.”

“तिकडे दोन दाढा आहेत, आई.”

“वस्तूंचं वेगळं, तिकिटाचं वेगळं. तिकिटावर शिक्का आहे.”

“बरं, मी घेतो एक.”

“तू घरचा. घरच्याला तिकीट?”

“शेजारणीला बोलावतो.”

“तीही घरचीच. या गावात परकं कोण आहे सांग मला.” लामाराने रेझोकडे पाहिलं नाही, ती भिंतीवरच्या बटणांकडे पाहत होती. “कुताइसीच्या गोदामात दिवे लावत असतील का रे?”

हे ती इतक्या हळू बोलली, की रेझोला काहीतरी लागलं आत. तो बाहेर आला. चौक रिकामा होता. जुंबेरच्या बेकरीतून धूर निघत होता. आणि या गावात परकं कोण आहे याचं उत्तर जाणकाराला सुचलं. त्याने पावणेतीनशेच्या वर माणसांना ते वाक्य शिकवलं होतं. फक्त स्वतः कधी म्हणून पाहिलं नव्हतं.

जुंबेर कमरेपर्यंत भट्टीत होता, पाय हवेत. रेझो दारात उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, “नमस्कार. मी परगावचा आहे. मी रेझोला ओळखत नाही.”

पाय थांबले. जुंबेर हळूहळू वर आला. भुवईला पीठ होतं. त्याने रेझोला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“भांडण आहे?” त्याने विचारलं.

“मोठं.”

“काय केलं त्याने?”

“वडिलांच्या ठिकाणी असलेल्या माणसाला त्याने पैसे देऊ केले. तेही आईसमोर.”

“गाढव आहे.”

“गाढवाला निदान ओझं कळतं.”

“बाप लाखात एक होता त्याचा,” जुंबेर म्हणाला.

“असं ऐकलंय.”

“पोरगा वाईट नाही. पुस्तकं वाचून बिघडला.” जुंबेरने भट्टीतून एक पाव आकड्याने ओढून काढला, फडक्यावर ठेवला आणि त्याचे दोन तुकडे केले. “बस. परगावचा आहेस, उपाशी असशील.”

दोघांनी उभ्याउभ्या, नुसता गरम पाव खाल्ला. लेखात लिहिल्यापेक्षा तो बराच चांगला लागत होता, असं रेझोच्या लक्षात आलं. लेख लिहिताना त्याने कालचा खाल्ला होता.

“काका... म्हणजे, बातोनो,” रेझो म्हणाला, “इथे एक म्युझियम आहे म्हणतात. मला बघायचंय. तुम्ही पाहिलंय?”

“नाही.”

“सत्तावीस वर्षांत?”

“लामारावहिनी तिकीट घेऊ देत नाही. आणि फुकट बघायला मी काय भिकारी आहे?”

रेझोने त्याला दोनशे अठ्ठ्याण्णवचा आकडा सांगितला. जुंबेरने एप्रन सोडला, भुवईचं पीठ पुसलं आणि खिळ्यावरचा चांगला कोट अंगात आणि टोपी डोक्यावर घातली.

म्युझियमच्या दारात दोघे एकामागे एक उभे राहिले. लामाराने मान वर केली.

“कुणी पाठवलं?” तिने सवयीने विचारलं.

“कुणी नाही,” जुंबेर म्हणाला. “वाटेवर होतं म्हणून आलो.”

“रेझोला ओळखता?”

“तो कोण?”

लामाराने एक तिकीट फाडलं. तिकिटाचे पैसे, तीन लारी, पेटीत पडले. मग तिने जुंबेरच्या मागे पाहिलं. तिच्या ओठाचा कोपरा जरा हलला, पण आवाज सरकारीच राहिला. “आणि तुम्ही?”

आईच्या तोंडून स्वतःसाठी ‘तुम्ही’ रेझोने पहिल्यांदाच ऐकलं. “नाही, बाई. मीही ओळखत नाही.”

“काही बिघडलं नाही. ओळखण्यासारखं त्यात फारसं नाही,” लामारा म्हणाली. “तीन लारी.”

तीनशेवं तिकीट फाटलं. तिने ते त्याच्या हातात दिलं आणि पुढे होऊन पहिल्या खोलीचा दिवा लावला.

रेझो या खोल्यांत लहानाचा मोठा झाला होता, त्या पलंगाखाली लपला होता, त्या उशीवर झोपून एकदा मार खाल्ला होता. पण कुणी त्याला इथली माहिती अशी समोर उभं करून सांगितली नव्हती. आईचा आवाज वेगळाच होता. तरुण, आणि कुठेही न अडखळणारा. जुंबेर टोपी छातीशी धरून उशीच्या खळग्याकडे पाहत होता, जणू कुणीतरी आत्ताच उठून गेलं असावं. पहिला दिवा मालवला, दुसरा लागला.

पत्रापाशी लामारा थांबली. दाराकडे पाहून घेतलं.

“तुम्ही परके,” ती म्हणाली, “म्हणून सांगते. घरच्यांना सांगता येत नाही. या पत्राला दुसरं पान आहे. सत्तावीस वर्षं मी ते पालथं ठेवलंय.”

तिने चौकट उचलली, पान उलटलं आणि चष्म्याशिवाय, पाठ असल्यासारखं वाचलं. ‘ताजा कलम. लवंगा पाठवू नकोस. दाढ दुसऱ्याच दिवशी दुखायची आपोआप थांबली. पण इथून निघता येत नाही. रोज कुणीतरी जेवायला नेतं. पैसे काढले की रडकुंडीला येतात. आज सहावा दिवस. पाव फार सुंदर आहे. कुणाला तरी मला सोडवायला पाठव.’



“पत्र गेलंच नाही,” लामारा म्हणाली. “टाकायला गेला, तर पोस्टमास्तरने जेवायला बसवलं. पत्र तिथेच राहिलं.”

“म्हणजे दाढ उपटलीच नाही?” जुंबेरने विचारलं. “मग त्या दोन दाढा कुणाच्या?”

“कुणाच्या तरी आहेत,” लामारा म्हणाली. “एवढं नक्की.”

रेझोच्या हाताला खाज सुटली. आजवर निगोझेतीबद्दल लिहिलं गेलेलं सर्वांत चांगलं वाक्य त्या पालथ्या पानावर होतं, आणि ते त्याचं नव्हतं. “बाई,” तो म्हणाला, “हे त्या रेझोला सांगितलंत तर...”

“त्याला मुळीच सांगू नका. तो लिहील.” तिने पान पुन्हा पालथं केलं आणि चौकट पदराने पुसावी तशी बाहीने पुसली. “माझा मुलगा आहे तो. दोनशेऐंशी माणसं त्याला माझ्या तोंडावर नावं ठेवून गेली. पण मी म्हणते, सत्तावीस वर्षं मी इथे दिवे लावत बसले, बघायला कुणी आलं नाही. आणली ती त्यानेच. मूर्खपणाने आणली, पण आणली.”

रेझो तिसऱ्या खोलीतल्या दाढांकडे फार लक्ष देऊन पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी का यावं हे ऑस्ट्रेलियाच्या त्या बाईने नक्की ओळखलं असतं.

खालच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. सहाला अजून वेळ होता, पण बातोनो ओतार वाईट बातमीला नेहमी लवकर येत. लामाराने तिकिटांच्या तीनशे फाटक्या कडा टेबलावर नीट मांडल्या, केस सारखे केले आणि दोघा परक्यांना दारापर्यंत पोचवायला आली.

“पाहिलंत, बरं वाटलं,” ती म्हणाली. “आणि हो, भूक लागली असेल. चौकात बेकरी आहे. तिथे सांगा, लामाराने पाठवलंय.” मग तिने गाडीच्या आवाजाकडे मान वळवली. “यांनाही पाठवते पाठोपाठ.”

जुंबेर पायरीवर थांबला. लामाराने पाठवलेला पाहुणा म्हणजे भट्टी पुन्हा पेटवणं आलं, चीज आलं, तळघरातली बाटली आली, आणि आता शेजारी बसून प्याला उचलणंही आलं. त्याने एक लांब उसासा टाकला, चांगल्या कोटाच्या बाह्या वर केल्या आणि रेझोच्या खांद्यावर हात ठेवला.

“चला, पाहुणे,” तो म्हणाला. “एकच सांगून ठेवतो. आज त्या रेझोच्या नावाने प्याला उचलायचा नाही.”

“तो कोण?” रेझोने विचारलं.